कागदी वाघ, खरा बिबट्या: प्राण्यांच्या शैलीवाला माँक सबक्लास पाच महिने खेळून बघितला

आधीच सांगते, ही पीडीएफ कुठल्या कंपनीची नाहीये, एका हौशी माणसाने बनवून ऑनलाइन विकायला ठेवलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या खेळातल्या माँकचा, म्हणजे हातांनी लढणाऱ्या साधूचा, सबक्लास (त्या पात्राचा एक खास प्रकार) आहे, चौदा पानं, चार डॉलर म्हणजे आपले साडेतीनशेच्या आसपास. नाव टाकत नाही कारण पुढे बऱ्याच चुका काढणारे आणि लिहिणारा माणूस बिचारा एकटा आहे, पण ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णनावरून कळेलच. आमचा ग्रुप नाशिकचा, सहा जण, दर रविवारी दुपारी इंदिरानगरला एकाच्या घरी बसतो, चिवडा आणि चहा चालू असतो आणि डीएम (खेळ चालवणाऱ्या) दादाने सगळं कॅम्पेन, म्हणजे आमची लांबलचक गोष्ट, ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या डोंगरांत बसवलंय त्यामुळे नकाशा काढायची गरजच पडत नाही, सगळ्यांचे ट्रेक झालेले आहेत.

मी हा माँक तिसऱ्या लेव्हलपासून सातव्यापर्यंत खेळले. अकरावी आणि सतरावी लेव्हल फक्त वाचलीये, त्यामुळे त्यावर फार बोलणार नाही.

कल्पना साधी आहे. पाच शैली: वाघ, बिबट्या, साप, क्रेन आणि माकड. चीनच्या दक्षिणेकडच्या कुंग फूमध्ये जे पाच प्राणी सांगतात त्यात माकडाच्या जागी ड्रॅगन असतो, इथे ड्रॅगन सतराव्या लेव्हलला राखून ठेवलाय. तिसऱ्या लेव्हलला दोन शैली निवडायच्या, सहाव्याला तिसरी मिळते, आणि लेव्हल वाढली की एक बदलता येते. शैली घ्यायची म्हणजे एक की पॉइंट (माँकच्या शक्तीचा मोजका साठा) आणि एक बोनस ॲक्शन (आपल्या टर्नमध्ये मुख्य कृतीशिवाय मिळणारी एकच जादा कृती), मग ती एक मिनिट टिकते. अट एकच, हात मोकळे पाहिजेत.

आणि घोळ इथेच आहे.

ज्यांनी माँक खेळलाय त्यांना लगेच कळलं असेल. माँकचं सगळं पोट बोनस ॲक्शनवर चालतं. जादाचा ठोसा बोनस ॲक्शन, फ्लरी म्हणजे एकदम दोन ठोसे, ते बोनस ॲक्शन, पेशंट डिफेन्स म्हणजे बचाव, तो बोनस ॲक्शन, पळायचं तरी बोनस ॲक्शन. तिसऱ्या लेव्हलला हातात की किती, तर तीन. आणि मारामाऱ्या आमच्याकडे तीन-चार राउंडच्या वर जात नाहीत. म्हणजे पहिल्या राउंडला बाकीचे मारत सुटलेत आणि मी आपली पोज घेऊन उभी, लग्नात फोटोग्राफरने थांबवून ठेवल्यासारखी.

वाघाचं गणित मी कागदावर मांडून बघितलं कारण माझ्या भावाला तोच पाहिजे होता, सगळ्यांना तोच पाहिजे असतो. वाघ शैलीत दर टर्नला एकदा, ठोसा लागला की वर एक डी४ (चार बाजूंचा फासा) डॅमेज. ऐकायला भारी. पण त्याच एका की मध्ये आणि त्याच बोनस ॲक्शनमध्ये फ्लरीचे दोन ठोसे मिळतात, डेक्स, म्हणजे चपळाई, १६ धरली आणि शंभरातले पासष्ट वार लागतात असं धरलं तर सरासरी सात डॅमेज तिथल्या तिथे. वाघाचा जादा डी४ तीन राउंडमध्ये सहापर्यंत जातो, चार राउंड टिकलात तर आठ. म्हणजे जवळपास बरोबरी. आता त्यात मोकळ्या हाताची अट घाला. २०१४च्या नियमात तिसऱ्या लेव्हलच्या माँकची मूठ डी४ची आणि साधी काठी दोन्ही हातांनी धरली तर डी८ची, म्हणजे वाघ व्हायचं म्हणून काठी टाकली की दर वाराला सरासरी दोन पॉइंट गेले. भावाला हे सगळं दाखवलं तरी त्याने एका वन-शॉटमध्ये (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात) वाघच घेतला आणि शेवटी म्हणाला, ताई, काठीवालाच बरा होता गं.

कव्हरबद्दल पण बोलायचंय. कव्हरवर बिबट्या म्हणून जो काढलाय तो जॅग्वार आहे, ठिपक्यांच्या गोलात परत ठिपके आहेत त्याच्या. नाशिकच्या माणसाला बिबट्या शिकवू नका. इकडे निफाड साइडला ऊसतोडीत बछडी सापडतात, गंगापूर रोडच्या सोसायट्यांचे सीसीटीव्ही व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी फॅमिली ग्रुपवर येतातच, आणि वर काकांचा मेसेज, रात्री टू व्हीलरवर फिरू नका.

पण खरं सांगायचं तर पैसे वसूल होतात ते बिबट्यानेच. नियम असा, ज्याला तुम्ही मारलंत तो त्या टर्नमध्ये तुम्ही दूर जाताना तुमच्यावर वार करू शकत नाही, आणि चालत चालत अंधुक उजेडात किंवा आडोशाला पोचलात तर तिथेच लपायचा प्रयत्न फुकट. वाचताना मला वाटलं ह्यात काय, ड्रंकन मास्टर ह्या दुसऱ्या माँक सबक्लासला फ्लरी केली की सुटून जायची सोय आहेच की. फरक खेळताना कळला. ड्रंकन मास्टर घोळक्यातून झुलत बाहेर पडतो पण सगळ्यांना दिसत राहतो. बिबट्या घेतला की मी नकाशाच वेगळा बघायला लागले. कोण शत्रू जवळ आहे हे नंतर, आधी अंधार कुठे, झाड कुठे, भिंत कुठे संपते. त्या सीसीटीव्ही व्हिडिओत असंच तर असतं ना, तो कुत्र्याकडे नंतर येतो, आधी कंपाउंडच्या कडेकडेने जातो, आणि झडप तर एका सेकंदाची, परत अंधार.

आमचं सगळ्यात धमाल सेशन ऊसाच्या फडात झालं. डीएमने समोर गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, टाकले. आता गॉब्लिनला स्वतःलाच बोनस ॲक्शनमध्ये सुटायची नाहीतर लपायची सोय असते, त्यामुळे मी मारून उसात लपले, गॉब्लिन बाण सोडून उसात लपले, आणि आमचा फायटर मधल्या बांधावर एकटा उभा, अरे कोणीतरी दिसा रे म्हणत. तासभर चाललं ते. दादा मधेच उठून चहा ठेवून आला तरी आम्ही लपलेलेच.

सापावर मात्र माझा राग आहे. साप शैलीत ठोसा लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा (अंगातल्या दमावर वाचतो का ते फासा टाकून बघायचं), नापास झाला तर त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत पॉइझन्ड, म्हणजे विषबाधा. तिसऱ्या लेव्हलला माझी डीसी, म्हणजे पास व्हायला लागणारा आकडा, १३. ठीकच. पण ह्या खेळात विष न चालणारे राक्षस पैशाला पासरी आहेत, मढी, सांगाडे, पुतळे, सगळे. आणि आमचा दादा पक्का, पांडवलेण्यांसारख्या गुहा काढल्या आणि आत सांगाडे भरले. सांगाड्याला पॉइझन्ड लागतच नाही. मी इमानदारीत साप शैली घेतली, एक की गेला, एक बोनस ॲक्शन गेली, आणि मग लक्षात आलं की सांगाड्यांना आदळून मारलेल्याचं डबल डॅमेज लागतं, म्हणजे माझी साधी मूठच तिथे सगळ्यात भारी हत्यार होती, कुठलाही प्राणी न होता. साप म्हणून भुई थोपटणे म्हणतात ते मी प्रॅक्टिकल करून दाखवलं. बरं पाचव्या लेव्हलला तर प्रश्नच मिटतो, तिथे सगळ्याच माँकना स्टनिंग स्ट्राइक मिळतो, तोच एक की, तोच कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, आणि पॉइझन्डपेक्षा स्टन्ड, म्हणजे पार सुन्न होणं, कितीतरी पटीने वाईट. मग साप कोण कशाला पाळेल? लिहिणाऱ्याने पाचव्या लेव्हलपुढचा विचारच केलेला दिसत नाही. सेव्ह विस्डमचा (मनाचा) ठेवला असता तरी दोन्ही वापरायला कारण राहिलं असतं.

म्हणून पाचव्याला मी साप सोडून क्रेन घेतली. तर ह्यावरून आमच्यात भांडण. मी कॅरेक्टर शीटवर बगळा लिहिलं, आणि आमच्यातला एक जण पक्षीवाला आहे, थंडीत पहाटे उठून नांदूर मध्यमेश्वरला जाणारा, तो म्हणाला क्रेन म्हणजे क्रौंच, बगळा नाही, बगळा वेगळा, हे रामसर साइटच्या (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेच्या) जिल्ह्यात राहून माहीत नाही का तुला. बरोबर आहे त्याचं. पण नियम वाचला तर तो बगळ्याचाच आहे हो. शत्रूचा जवळून केलेला वार चुकला की रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची झटपट कृती) वापरून लगेच एक ठोसा. म्हणजे उभं राहायचं, हलायचं नाही, समोरच्याची चूक व्हायची वाट बघायची आणि मग चोच. बकध्यान म्हणतात ते हेच. शीटवर मी बगळाच ठेवलाय.

आणि ही शैली पेशंट डिफेन्सबरोबर जी जमते ती लिहिणाऱ्याला तरी माहीत होती का शंका आहे, कारण पीडीएफमध्ये एक शब्द नाही त्यावर. पाचव्या लेव्हलला डेक्स १८, विस्डम १६, म्हणजे माझा एसी (मला वार लागायला हवा तो आकडा) १७. समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, मला मारताना त्याच्या वीस बाजूंच्या फाशावर +६. एरवी त्याचे निम्मे वार लागतात. पेशंट डिफेन्स घेतला की त्याला डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), मग चारातला एकच लागतो. उरलेले तीन चुकले, आणि चुकला की माझा ठोसा. एका अरुंद दारात मी उभी राहिले आणि ओगर स्वतःच मारून मारून मार खात होता. रिॲक्शन एका राउंडला एकच मिळते म्हणून, नाहीतर डीएमने बॅनच केली असती. फक्त त्याच राउंडला बाण आला तर तो अडवायला रिॲक्शन उरत नाही हे लक्षात ठेवा, मी विसरले होते, लागला.

माकडाबद्दल मी जरा हळवी आहे त्यामुळे माझं मत थोडं कमी धरा. मी चौथी ते सातवी व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब केलाय, आणि आमचे सर पहिल्याच दिवशी गोष्ट सांगायचे, की पेशव्यांच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर निजामाच्या पैलवानांशी लढायच्या आधी सप्तशृंगी गडावर येऊन राहिले आणि तिथे मारुतीरायाने त्यांना माकडाच्या रूपात झाडावरच्या उड्या दाखवल्या, त्यातून मल्लखांब. आख्यायिका आहे, पण आपल्या जिल्ह्यातली आहे. वर अंजनेरी म्हणजे मारुतीचं जन्मस्थान मानतात. तर प्राण्याकडे बघून कुस्तीचा व्यायाम शोधायचा ही काही फक्त शाओलिनची मक्तेदारी नाही, केरळच्या कळरीपयट्टूमध्ये पण हत्ती, सिंह, रानडुक्कर, मोर असे पवित्रे आहेतच.

तर एवढ्या अपेक्षेने मी सहाव्याला माकड घेतलं, आणि काय मिळालं, चढायचा स्पीड आणि शत्रूच्या कमरेची एक वस्तू ओढून घ्यायचा प्रयत्न. वस्तू ओढणं मजेशीर आहे, दोनदा किल्ल्या पळवल्या, एकदा एका मांत्रिकाची सामानाची पिशवी पळवली आणि तो अख्खी मारामारी नुसता हात हलवत बसला. पण चढणं? नवव्या लेव्हलला प्रत्येक माँक तसाही भिंतीवरून पळतो. माकड नुसतं चढत नाही हो, ते वरून मारतं, उलटं लटकून मारतं, अढी घालून दोन्ही हात मोकळे ठेवतं. दोरीला पायाने धरून उलटं लटकलं की जग कसं दिसतं हे ज्याने एकदा बघितलंय त्याला हे चढायचा स्पीड वीस फूट अगदीच मिळमिळीत वाटतं. वरून उडी मारून ठोसा मारला तर काहीतरी द्यायला पाहिजे होतं. डीएमने आम्हाला वरून मारताना ॲडव्हांटेज दिला, तो त्याचा मोठेपणा, पीडीएफचा नाही.

सहाव्या लेव्हलला शैली बदलायला बोनस ॲक्शन लागत नाही, फक्त की लागतो. हेच तिसऱ्याला द्यायला हवं होतं. आम्ही दोन सेशननंतर घरचा नियम केला, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकतानाच एक शैली फुकट, नंतर बदलायची तर की द्या, आणि काठी चालेल. एवढं केलं की सबक्लास एकदम जिवंत झाला, आणि तरी ओपन हँड सबक्लासवाल्या माँकपेक्षा ताकदवान वाटला नाही. जसाच्या तसा खेळलात तर फोर एलिमेंट्स ह्या माँक सबक्लाससारखं होईल, की पॉइंट संपले आणि तुम्ही ते भरायला शॉर्ट रेस्ट, शॉर्ट रेस्ट करत सगळ्यांच्या मागे लागलेले.

अजून एक, पीडीएफ २०१४च्या नियमांवर आहे. २०२४चं पुस्तक वापरत असाल तर की चं नाव फोकस झालंय आणि मूठ डी६पासून सुरू होते त्यामुळे काठीचं दुखणं बरंच कमी होतं, पण तिथे तिसऱ्या लेव्हलपासून जवळचे वारही रिॲक्शनने अडवता येतात, म्हणजे क्रेनची रिॲक्शन आणि ही रिॲक्शन एकमेकींच्या वाटेत येणार.

जसाच्या तसा पाचपैकी अडीच, आमच्या दुरुस्त्यांसकट चार. वाघासाठी घेणार असाल तर घेऊ नका. लिहिणाऱ्याला मी सापाचं आणि जॅग्वारचं मेसेज करून कळवलंय, त्याचं उत्तर आलं की सापाचं बघतो, जॅग्वारबद्दल काही बोलला नाही. ह्या रविवारी आम्ही एका पडक्या वाड्यात घुसतोय, दादा म्हणाला आत दिवा नाहीये, आणि माझ्याकडे बघून हसला, म्हणजे आत काहीतरी आधीच लपलेलं आहे.