टोकन देण्याआधी वकील गाठला : रिसेल फ्लॅटच्या टायटल सर्चचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी आम्ही रिसेल फ्लॅट घेतला आणि त्यासाठी एका प्रॉपर्टी वकील मॅडमची सर्व्हिस घेतली. टायटल सर्च (म्हणजे फ्लॅटची मालकी खरंच कोणाची, याचा कागदोपत्री शोध), टोकनचा कागद, ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट, रजिस्ट्रेशन आणि शेवटी सोसायटी ट्रान्सफर असं सगळं एकत्र. त्यांचं नाव टाकत नाहीये, पण अशा सर्व्हिसमध्ये काय मिळतं, काय मिळायला हवं आणि आम्हाला कुठे त्रास झाला ते सगळं लिहिते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा असं नीट कोणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. रेटिंग पाचपैकी चार.

आधी हे सांगते की वकील करायचं आमच्या डोक्यात नव्हतंच. एजंट म्हणत होता की बँक लोन देतेय म्हणजे बँकेचा वकील बघणारच ना, तुम्ही कशाला वेगळे पैसे घालवताय, आणि दोन दिवसात टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. मॅडमना पहिल्या भेटीत हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बँकेचा वकील बँकेचं कर्ज बुडणार नाही ना एवढं बघतो. त्याचा रिपोर्ट बँकेसाठी असतो, तो तुम्हाला दाखवतीलच असंही नाही. आणि तो येतो टोकन दिल्यानंतर." हे शेवटचं वाक्य ऐकून नवरा माझ्याकडे बघायला लागला, कारण टोकनचा चेक त्याच्या खिशात होता.

चेक द्यायला त्यांनी अडवलं नाही, फक्त अर्ध्या पानाचा कागद करून दिला. त्यात होतं की विक्रेत्याने अमुक दिवसात टायटलची सगळी कागदपत्रं द्यायची, टायटल क्लिअर निघालं नाही तर पूर्ण टोकन परत, काही कापायचं नाही. एजंटला ते आवडलं नाही पण घर विकणाऱ्या काकूंनी एका मिनिटात सही केली, कारण त्यांच्या मनात काही लपवायचं नव्हतंच. पुढे जो घोळ निघाला तो त्यांनाही माहिती नव्हता.

आता तो घोळ. यासाठीच मी एवढं लिहायला बसलेय.

फ्लॅट मुळात काका आणि काकू दोघांच्या नावावर घेतलेला. काका वारले, काकू नॉमिनी होत्या, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट काकूंच्या एकटीच्या नावावर करून दिलं. वर्षानुवर्षं मेंटेनन्सची बिलं, टॅक्स, लाईट बिल सगळं त्यांच्या नावावर. त्यांच्या दृष्टीने, एजंटच्या दृष्टीने आणि खरं सांगायचं तर आमच्याही दृष्टीने त्या एकट्याच मालक. मॅडमनी शेअर सर्टिफिकेट बाजूला ठेवलं, एक कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने मध्ये काकांचं नाव लिहून त्याच्याभोवती गोल केला. मग काकूंना विचारलं, मृत्युपत्र होतं का? नव्हतं. मुलं किती? एक मुलगा, एक मुलगी, मुलगी परदेशात. दोन रेघा खाली काढल्या. मग पेन्सिल वर नेली आणि विचारलं, "काका गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?"

काकू म्हणाल्या, "हो, सासूबाई होत्या की, त्या नंतर दोन वर्षांनी गेल्या."

मॅडमनी एक रेघ वर काढली आणि त्या रेघेवरून आणखी दोन फाटे काढले, काकूंचे दीर आणि नणंद. खोलीत सगळे गप्प. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. आई! आम्हाला कोणालाच हे माहिती नव्हतं. म्हणजे काकांचा अर्धा फ्लॅट चार जणांत वाटला गेला, प्रत्येकी पूर्ण फ्लॅटचा आठवा हिस्सा. मग आजी गेल्या तेव्हा त्यांचा आठवा हिस्सा त्यांच्या मुलांकडे गेला, म्हणजे एक भाग दिराकडे, एक नणंदेकडे आणि एक आधीच गेलेल्या काकांच्या मुलांकडे. दीर आणि नणंद प्रत्येकी चोविसाव्या हिश्श्याचे मालक, आणि त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे मी कुठेतरी वाचलेलं होतं पण त्याचा अर्थ त्या दिवशी त्या पेन्सिलीच्या रेघांवर कळला. नॉमिनीकडे सोसायटी फक्त पत्रव्यवहारासाठी आणि सांभाळण्यासाठी बघते, मालकी वारसांकडेच जाते. आता तर सहकारी संस्था कायद्यातच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं.

यानंतरचं काम मॅडमनी ज्या पद्धतीने केलं त्याला माझे पूर्ण मार्क. त्यांनी काकूंना घाबरवलं नाही, त्यांचा वेगळा वकील असेल तर त्यालाही बोलवा असं आधी सांगितलं, आणि मग मार्ग सांगितला की मुलगा, मुलगी, दीर, नणंद चौघांनी काकूंच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे विकणारी एकच व्यक्ती उरते. मुलगी येऊ शकत नव्हती, तिने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन भावाच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी केली, ती कुरियरने आली, आणि बाहेर केलेला असा कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावी लागते हे मॅडमनी आधीच लिहून दिलं होतं. मुलीला हिस्सेदार ठेवून सरळ सही घेतली असती तर काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की मग तिच्या हिश्श्याच्या पैशावर तुम्हाला परदेशी राहणाऱ्या विक्रेत्याचा टीडीएस कापावा लागेल, तो एक टक्का नसतो, बराच जास्त असतो, आणि कापला नाही तर आयकर खातं तुमच्या मागे लागेल, तिच्या नाही. नेहमीच्या व्यवहारात किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदाराने एक टक्का कापून भरायचा, ही जबाबदारी पूर्णपणे आपली, विकणाऱ्याची नाही, हेही तेव्हाच समजलं.

दीर काही बोलतील, हिस्सा मागतील अशी काकूंना धास्ती होती. ते रजिस्ट्रार ऑफिसला सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. थंब दिला, फोटो काढला, आणि काकूंना म्हणाले, "वहिनी, दादाचं घर आहे, मला काय करायचंय त्यातलं." मला ते बघून भरून आलं. पण मॅडम हळूच म्हणाल्या की आज ते आहेत म्हणून एका सहीत झालं, हेच दहा वर्षांनी त्यांच्या मुलांकडे जावं लागलं असतं.

बाकी सर्चबद्दल थोडं. तीस वर्षांचा सर्च केला, ऑनलाईन जुनं सगळं मिळत नाही म्हणून माणूस पाठवून रजिस्टरं बघितली, प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढला. बिल्डरपासून आमच्यापर्यंतची साखळी, ज्याला चेन म्हणतात, त्यातलं प्रत्येक ॲग्रीमेंट रजिस्टर आहे का आणि त्यावर पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरलीय का ते तपासलं. फ्लॅटवर आधीचं कर्ज आहे का हे सरसाईच्या (CERSAI, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या) साईटवर बघितलं. पेपरमध्ये चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली, एक मराठी एक इंग्रजी पेपर. हरकत आली नाही.

प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीत, मात्र जमीन अजून जुन्या जमीनमालकाच्या नावावर निघाली, म्हणजे सोसायटीचं कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर लिहून देणं, झालेलंच नाही. मोफा हा फ्लॅटधारकांसाठीचा १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा, त्याच्या नियमात सोसायटी झाल्यावर चार महिन्यात बिल्डरने जमीन सोसायटीला लिहून द्यायची असं आहे, इमारत जुनी झाली तरी हे झालेलं नव्हतं. मॅडमचं म्हणणं, यामुळे फ्लॅट घेऊ नका असं मी सांगणार नाही, डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरने लिहून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी) सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते, पण उद्या रीडेव्हलपमेंटची वेळ आली तर हाच कागद अडवेल, म्हणून हे माहिती असताना किंमत ठरवा. आम्ही ते काकूंसमोर मांडलं आणि थोडी किंमत कमी झाली.

आणखी एक गोष्ट जी मला पटली. मी विचारलं, ॲग्रीमेंट रजिस्टर झालं म्हणजे घर आमचं झालं ना? त्या म्हणाल्या नाही. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट १८८२ चा आहे, त्याच्या कलम ५४ मध्ये सरळ लिहिलंय की विक्रीचा करार एकट्याने मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही, आणि २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की पॉवर ऑफ ॲटर्नी आणि करारावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही. आपल्याकडे फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवरच पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरतात म्हणून लोकांना वाटतं काम संपलं. आम्ही पूर्ण पैसे आणि ताबा झाल्यावर सेल डीड, म्हणजे अंतिम खरेदीखत, वेगळं करून घेतलं.

सोसायटीने एनओसीसाठी अडवायचा प्रयत्न केला, मॅडमनी आदर्श उपविधीचा (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीचा) कागद दाखवला की ट्रान्सफरसाठी एनओसी सक्तीची नाही आणि ट्रान्सफरचा प्रीमियम, म्हणजे सोसायटी घेते ते शुल्क, २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. तिथे विषय मिटला.

आता एक स्टार का कापला. अकरा आठवडे लागले, त्यातले वारसांचे चार-पाच सोडले तरी बाकीचा वेळ जास्तच होता. मॅडम कोर्टात असल्या की फोन उचलत नाहीत, संध्याकाळी उलट फोन करतात पण दिवसभर जीव टांगणीला. सर्च रिपोर्ट अठरा पानी इंग्रजीत, तोही वकिली इंग्रजी, माझ्या सासऱ्यांना तो समजावून सांगायला मला एक रविवार लागला, शेवटी एक पान मराठीत द्यायला काय हरकत आहे? आणि सगळ्यात गंभीर म्हणजे त्यांच्या ज्युनिअरने ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये बिल्टअप एरिया (भिंती धरून) टाकला होता जिथे कार्पेट (आतला वापरायचा) हवा होता. रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री नवऱ्याने जुन्या ॲग्रीमेंटशी ओळ-ओळ ताडून बघितलं म्हणून सापडलं. तसंच रजिस्टर झालं असतं तर सगळ्या पार्ट्यांना परत बोलावून चूक दुरुस्ती पत्र करावं लागलं असतं. मॅडमनी चूक लगेच मान्य केली, रात्री साडेदहाला नवीन ड्राफ्ट पाठवला, पण वकील कितीही चांगला असला तरी नावं, एरिया, सर्व्हे नंबर, पॅन हे तुम्ही स्वतः वाचाच, स्क्रीनवर नको, प्रिंट काढून.

फी आधीच लेखी सांगितली होती, तेवढीच घेतली, सर्चच्या सरकारी पावत्या वेगळ्या दिल्या. आमचे शेजारी घर विकतायत, त्यांनाही मी त्यांच्याकडेच पाठवलं, कारण विकणाऱ्यालाही हे सगळं आधी बघून घेतलं तर गिऱ्हाईक आल्यावर धावपळ होत नाही, काकूंची झाली तशी.

मागच्या महिन्यात शेअर सर्टिफिकेटवर आमची दोघांची नावं चढली. त्याचा फोटो मॅडमना पाठवला, तर त्यांचा लगेच रिप्लाय आला, "अभिनंदन. नॉमिनेशन फॉर्म भरलात का? आणि मृत्युपत्राचं काय?" पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय.