असईच्या पलटणी ठेवायच्या कुठे: काचेची शोकेस की चुंबकाची खोकी?

23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई टेबलावरच्या युद्धखेळासाठी 28 मिमी मापाच्या (माणूस साधारण 28 मिमी उंच) छोट्या सैनिकांनी मांडायची, तर शिंद्यांच्या कवायती पलटणी, इंग्रज सेनापती वेल्स्लीचे हायलँडर (स्कॉटिश पायदळ) आणि दोन्हीकडचं घोडदळ मिळून चार-पाचशे सैनिक सहज होतात. 24 जणांची पलटण 40 × 40 मिमीच्या सहा बेसवर (सैनिकांच्या पायाखालच्या चौकोनी पट्ट्यांवर) बसते. रांगेत लावली की 24 सेंमी.

40 × 35 सेंमीच्या काचेच्या फळीवर अशा पाच रांगा मावतात, पण नजरेला पडतात पुढच्या दोनच. म्हणून फोमच्या 3 सेंमी उंचीच्या तीन पायऱ्या करा आणि तीनच पलटणी ठेवा. एलईडी पट्टी वरच्या पुढच्या कडेला, आतून लावा; मागे लावली तर रंगकाम काळोखात जातं.

शोकेसचा खरा धोका धुळीचा नाही, शिशाचा आहे. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असतं. सागवान किंवा ओक, एमडीएफ, प्लायवूड, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन यांतून आम्लाची वाफ निघते. बंद कपाटात ती कोंडते, पावसाळी दमटपणाची तिला साथ मिळते आणि रंगाखालून पांढरी भुकटी फुटते. ती विषारी आहे. कोरड्या ब्रशने झटकू नका, हातमोजे घाला, तो सैनिक वेगळा काढा. सिलिका जेल फक्त ओल शोषतं, आम्लाची वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची पुडी ठेवावी लागते. धातूच्या सैन्याला काच आणि पावडर कोटिंग केलेलं लोखंड हेच कपाट बरं. प्लास्टिकच्या सैनिकांना ही भीती नाही.

महिन्यातून दोनदा खेळत असाल तर मात्र शोकेसमधून एकेक बेस उचलण्यात संगिनी वाकतात आणि झेंड्यांचा रंग उडतो. तिथे खोकी निर्विवाद सरस. झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात तळाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा चिकटवा, म्हणजे बेसखाली लावलेल्या चुंबकाने सैनिक जागेवर राहतात. स्टेनलेस पत्रा विकत घेण्याआधी चुंबक लावून पाहा, 304 दर्जाच्या पत्र्याला ते जवळजवळ चिकटतच नाही. ॲल्युमिनियमला तर नाहीच. प्लास्टिक पायदळाच्या बेसखाली चुंबकी शीट पुरते. धातूच्या घोडेस्वाराला मात्र 6 × 2 मिमीची दोन निओडिमियम चुंबकं हवीत. चुंबकाचा गुळगुळीत मुलामा पॉलिश पेपरने घासूनच फेविक्विक लावा, नाहीतर बेस हातात येतो आणि चुंबक पत्र्यावर राहतं. शीटचा स्वतःचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, तिथेही फेविक्विकच. भरण्याआधी एक घोडेस्वार लावून खोकं उभं धरून पाहा. सर्वांत उंच झेंड्यावर झाकणापर्यंत 1 सेंमी मोकळं हवं.

रणांगणावरच्या केळना-जुई नद्यांच्या पात्रांचा भूभाग दोन्हींत मावत नाही. तो 60 × 60 सेंमीच्या फोम पाट्यांवर करून उभा रचा. पाटी एकाच बाजूने रंगवली तर वाकते. मागची बाजूही त्याच दिवशी रंगवा. रेझिनने केलेलं नदीचं पाणी उन्हाने पिवळं पडतं, पाटी खिडकीपासून लांब ठेवा.

खेळणाऱ्याने सगळं सैन्य खोक्यांत ठेवावं आणि एक छोटी शोकेस फक्त सेनापती, हत्ती आणि मनापासून रंगवलेल्या एका पलटणीसाठी ठेवावी.