सरचार्ज कशावर लावलाय ते आधी विचारा, माझे ९०,२६० गेले

बाहेरून आणलेल्या मालावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १०% असतो हे सगळेच सांगतात, पण कशाच्या १०% ते विचारा. बेसिक कस्टम्स ड्यूटीच्या १०%. मालाच्या किमतीच्या नाही! ह्या एका ओळीत माझे २२,२०० रुपये गेले, बाकीचे कसे गेले ते खाली लिहितो, एकूण आकडा ९०,२६०, आणि मला फसवणारा एजंट अजून वास्कोत उजळ माथ्याने फिरतोय.

माझं फोंड्याला ट्रॉफी, नेमप्लेट, सन्मानचिन्हांचं दुकान आहे. हल्ली चवथीला लेझरने कापलेल्या मखरांना जाम मागणी असते, ती मी बाहेरून कापून आणायचो आणि नफा कापणाऱ्याच्या खिशात जायचा, म्हणून चीनहून स्वतःचं लेझर मशीन मागवलं. न्हावा शेवा बंदरात उतरणार आणि तिथून ट्रकने गोव्याला. पुरवठादाराला पैसे देण्यापर्यंत सगळं नीट झालं. कस्टम्सच्या कामासाठी ओळखीतल्या एकाने हा 'क्लिअरिंग एजंट' सुचवला. बोलायला गोड, मध्येच सेक्शनचे नंबर फेकणार, आणि माझ्याकडे आयईसी नाही म्हटल्यावर लगेच म्हणाला, टेन्शन घेऊ नको भाऊ, आपल्या पार्टीच्या आयईसीवर काढूया, तुझा वेळ वाचेल. आयईसी म्हणजे इम्पोर्ट एक्सपोर्ट कोड, पॅनवर मिळतो, डीजीएफटीच्या (परदेश व्यापाराचं सरकारी खातं) साइटवर फी ५०० रुपये. फक्त ५००. हे त्याने सांगितलं नाही आणि ज्याने त्याला सुचवला त्यानेही नाही.

मग व्हॉट्सॅपवर हिशोबाची शीट आली. तिच्यावर वरती कस्टम्सचं चिन्ह वगैरे चिकटवलेलं. भाडं आणि विमा धरून मालाची किंमत, म्हणजे सीआयएफ, २,४०,०००. बेसिक ड्यूटी ७.५%, १८,०००. त्याखाली सोशल वेल्फेअर सरचार्ज १०%, २४,०००. मग ह्या सगळ्याच्या बेरजेवर १८% आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ५०,७६०. आणि शेवटी 'गोवा एन्ट्री टॅक्स २%' ४,८००. टोटल ९७,५६०.

आता तुम्ही म्हणाल सरचार्ज मूळ ड्यूटीपेक्षा जास्त कसा, डोळे कुठे होते. माझी बायको पण हेच म्हणते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण मला ते दिसलं होतं हो! दिसलं होतं म्हणूनच तर जास्त जळतं. मी फोन करून विचारलं, हे १८ आणि हे २४ कसं काय, टॅक्सवरचा टॅक्स टॅक्सपेक्षा मोठा? तर तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, इम्पोर्टमध्ये सगळंच सीआयएफवर लागतं, आयजीएसटी बघ ना, तो पण वाढलेल्या रकमेवर आहे." आणि आयजीएसटी खरंच किंमत अधिक ड्यूटी अधिक सरचार्ज ह्या बेरजेवर लागतो, मी नेटवर बघितलं तर ते बरोबर निघालं, मग मला वाटलं बाकीचंही बरोबर असणार. ९०% खरं सांगून १०% खोटं मध्ये घुसवायचं ही त्यांची रीतच असते. तिथेच सरचार्जची ओळ पण नेटवर बघितली असती तर, जाऊ दे.

वर घाई कोण करत होतं? तोच. बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सकडे भरायचा कागद) वेळेत भरली नाही तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० लेट फी, हे त्याने मला बोटावर मोजून दाखवलं, आणि हा नियम खराच आहे, मी तपासला. डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचं भाडं, वेगळंच. चवथ तोंडावर, मखरांचा ॲडव्हान्स लोकांकडून घेतलेला, अशा वेळी कोण एक्सेल उघडून बसणार?

९७,५६० त्याच्या सेव्हिंग खात्यात पाठवले. मग अजून २१,०००, त्यात त्याची फी ८,५०० आणि 'एक्झॅमिनेशन डिपॉझिट, रिफंडेबल' १२,५००. ते रिफंडेबल अजून रिफंड व्हायचंय. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की कस्टम्सची ड्यूटी कुणाच्या गुगल पेवर भरली जात नाही, ती आइसगेटवरून (कस्टम्सची साइट) सरकारच्या खात्यात जाते आणि तिचं चलन निघतं. चलन मागितलं की 'सिस्टीम डाऊन' म्हणणारा माणूस दिसला की तिथेच थांबा.

मशीन आलं, चांगलं आहे, मशीनबद्दल तक्रार नाही. ट्रकवाल्याच्या कागदांत बिल ऑफ एन्ट्रीची झेरॉक्स होती. सीएला दिली, आयजीएसटीचं क्रेडिट घ्यायचं म्हणून, म्हणजे भरलेला टॅक्स पुढच्या जीएसटीतून वजा करायचा. त्याने एक मिनिट बघितलं आणि विचारलं, "ही फर्म कोणाची?" आयात करणाऱ्याच्या जागी माझं नावच नाही. बेसिक १८,०००, सरचार्ज १,८००, आयजीएसटी ४६,७६४, एकूण ६६,५६४. माझ्याकडून घेतले ९७,५६०. म्हणजे ३०,९९६ सरळ खिशात घातले, डिपॉझिटचे १२,५०० वेगळे, आणि ४६,७६४ चं क्रेडिट मला मिळणार नाही कारण कागद दुसऱ्याच्या नावावर, आणि त्या फर्मने मला विक्रीचं बिलही दिलेलं नाही. तिन्ही मिळून ९०,२६०. माझ्या पैशाने भरलेला टॅक्स आणि क्रेडिट कदाचित तेच खाऊन बसलेत. एन्ट्री टॅक्सचं विचारलं तर सीए हसायलाच लागला, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेला म्हणे. असंच कोणी 'लँडिंग चार्जेस १%' किमतीत धरले तर ते पण २०१७ मध्येच बंद झालेत. आणि भाड्याचा कागद पुरवठादाराकडून घेऊन ठेवाच, तो नसला तर एफओबीच्या (भाडं-विमा सोडून मालाची किंमत) २०% भाडं धरतात, विम्याचा नसला तर १.१२५%, आणि ड्यूटी त्याच्यावर चढते.

आता पुढची मजा. पोलिसांत गेलो, तासभर बाकावर बसवून ठेवल्यावर साहेब म्हणाले, "पयशे तुमीच दिल्यात न्हय? मागीर हें सिव्हील मॅटर, कोर्टांत वचात." मी म्हटलं साहेब खोटी शीट बनवून पैसे घेतले, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर मला विचारतात तुम्ही वकील आहात का. सायबरवाल्यांकडे गेलो तर म्हणाले तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटला होता, मग हे सायबर कसं? म्हणजे व्हॉट्सॅपवर शीट आली, ऑनलाइन पैसे गेले, पण मी एकदा त्याच्याबरोबर चहा प्यायलो म्हणून सायबर नाही! कस्टम्सच्या एका ऑफिसात गेलो, तिथे माल आमच्याकडे उतरला नाही, जिथे उतरला तिथे जा. फोन केला तर आयात करणारा तुम्ही नाहीच, तक्रार त्या फर्मला करू द्या. चोरालाच तक्रार करायला सांगतात ना! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणे धंद्यासाठी घेतलंय, चालणार नाही. कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी सूट आहे हे मला वकिलाने नंतर सांगितलं, खिडकीवरच्याला ते माहीतच नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. शिक्का मारून पोच तेवढी मिळते, ती मात्र प्रत्येक ठिकाणी मागून घ्या, नाहीतर तुम्ही आलाच नव्हता म्हणतील. पोलीस हद्दीचं कारण सांगायला लागले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवतात तो) मागा. आणि पैसे ऑनलाइन गेल्याबरोबर शंका आली तर उशीर न करता १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मला शंका आली तोपर्यंत त्याने खातं साफ केलं होतं.

एक राहिलंच. कस्टम्स ब्रोकरला लायसन्स लागतं, कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स २०१८ आहेत त्यासाठी, आणि त्याच्या माणसांना ओळखपत्रं असतात. मी नंतर लायसन्स नंबर मागितला तर ह्याने मला ब्लॉक केलं. म्हणजे जो प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारायचा तोच मी शेवटी विचारला, पण खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणांनी आजवर कुठल्या एजंटाकडे लायसन्स मागितलंय?

ज्या कोणाचं मशीन, सुटे भाग, हॉटेलचं सामान असल्या एजंटाने सोडवलंय त्यांनी आज घरी जाऊन शीटवरची सरचार्जची ओळ काढा आणि बेसिक ड्यूटीच्या आकड्याला दहाने भागा. आकडा जुळत नसेल आणि माणूस वास्कोचा, गोड बोलणारा, 'आपली पार्टी' म्हणणारा असेल तर मला कळवा, वकील म्हणतोय तीन-चार जणांनी मिळून लेखी तक्रार दिली तर पोलिसांना घ्यावीच लागेल. बिल ऑफ एन्ट्रीची झेरॉक्स बरोबर आणा, नसेल तर ट्रकवाल्याकडे मागा.