मुडदुशी मागितली आणि मुडदुशीच मिळाली

रत्नागिरीकडच्या खाडीत गळ टाकून मुडदुशी, म्हणजे वाळूत दडणारा लहानसा मासा, धरण्याचा नाद मला नोकरीच्या दिवसांत लागला होता. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात, समुद्रापासून इतक्या दूर, एका लहानशा खाणावळीच्या फळ्यावर हे नाव दिसताच, तळण्यापूर्वी मासा दाखवावा, अशी विनंती मी मालकांना केली. त्यांनी काहीही न बोलता बर्फाची पेटी उघडली. निमुळते तोंड, सडपातळ रुपेरी अंग आणि पाठीवर एकमेकांपासून सुटे असलेले दोन पर, सारे जागच्या जागी होते. डोळे मात्र किंचित धुरकटले होते. पण रात्रभर बर्फात प्रवास केलेल्या माशाकडून, तासाभरापूर्वी वाळूतून उचलल्यासारखे दिसण्याची अपेक्षा करणे अन्यायाचेच ठरेल. रवा लावून खरपूस तळल्यावर मांसाचे पांढरे, हलके पदर मधल्या काट्यापासून अलगद सुटत होते. ज्वारीची भाकरी उत्तम. तक्रार एकच: सोबत दिलेला काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा गोदावरीच्या मरळीला शोभतो, मुडदुशीची नाजूक गोडी मात्र तो पहिल्याच घासाला गिळून टाकतो. 3 माशांच्या थाळीचे 320 रुपये घेतात. रस्सा वेगळ्या वाटीत मागावा.