दोन वॅनचा राऊटर, एक हंगाम वापरल्यावर: टर्मिनल सारखं का तुटत होतं

सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आधी हा दोन वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या दोन लाईन जोडता येतात असा, राऊटर घेतला, आता तूरही संपत आली. वेग, पोर्ट, अँटेना हे डब्यावर लिहिलेलंच असतं, त्यात जात नाही. माझी तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे. एखाद्या जोडणीवर पाच मिनिटं काही हालचाल झाली नाही की हा राऊटर ती परस्पर विसरतो, आणि ही मुदत वाढवायला सेटिंगमध्ये कुठंही जागा दिलेली नाही.

घरी सिनेमे बघणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. आमचं काम वेगळं आहे. डाळमिल लातूरला, खरेदी केंद्र उदगीरला. हिशेबाचं पॅकेज लातूरच्या लिनक्स सर्व्हरवर, काळ्या पडद्याचं, जुनं. उदगीरहून पुटी (दूरच्या सर्व्हरचा पडदा इथं दाखवणारा प्रोग्राम) उघडून एसएसएचनं, म्हणजे नेटवरून सुरक्षित जोडणी करून, त्यात काम चालतं. नेट कमी लागतं, माऊस लागत नाही, मुनीमजींचा हात त्यावर बसलेला आहे. चांगलं चालणारं पॅकेज टाकून लाखभर रुपये नव्यावर घालायची माझी तयारी नाही.

आता नेमकं काय व्हायचं ते सांगतो. मुनीमजी पावती उघडणार, शेतकऱ्याचं नाव आणि गाडी नंबर टाकणार आणि काट्यावर जाणार. तिथं कट्ट्यातून नमुना काढायचा, मॉइश्चर बघायचं. १२ टक्क्यांच्या वर निघालं की भावावरून बोलणं होतंच. परत येऊन एंटर दाबला तर पडदा गोठलेला. थोड्या वेळानं खिडकीवर ‘सॉफ्टवेअर कॉज्ड कनेक्शन अबॉर्ट’. पुन्हा लॉगिन करून तीच पावती उघडावी तर ‘रेकॉर्ड दुसरा युजर वापरत आहे’. तो दुसरा युजर म्हणजे मुनीमजींचंच मेलेलं सेशन. उदगीरकडची बाजू गेली हे लातूरच्या सर्व्हरला कुणी कळवलेलंच नसतं. समोरचं टोक जिवंत आहे का याची पहिली चाचपणी लिनक्स ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतो. मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा विचारतो आणि त्यानंतर सोडतो. तोवर पावती अडकलेली, शेतकरी ताटकळलेला आणि भाड्याचं वाहन खोळंबलेलं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: “सर, लाईन खराब आहे, राऊटर रिस्टार्ट करून बघा.” रिस्टार्ट केला की राऊटरमधली चालू जोडण्यांची सगळी नोंद पुसते, म्हणजे ज्या खिडक्या धड चालू असतात त्याही तुटतात. भर हंगामात असला सल्ला दिला की संताप येतो.

लाईनचा दोष नाही हे सिद्ध करायला एक सोपा प्रयोग पुरला. एकाच कॉम्प्युटरवर पुटीच्या दोन खिडक्या उघडल्या. एकीत टॉप (सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवत राहणारी कमांड) चालू ठेवलं, म्हणजे पडदा दर काही सेकंदांनी हलत राहतो. दुसरी नुसती लॉगिन करून सोडून दिली. शेजारी सर्व्हरला पिंग, म्हणजे उत्तर येतंय का हे बघणारी हाक, चालू. टॉपवाली खिडकी दिवसभर टिकली, पिंग एकही चुकला नाही, आणि गप्प बसलेली खिडकी मेली. लाईन खराब असती तर दोन्ही गेल्या असत्या. मग कपाटातला जुना राऊटर लावला. गप्प खिडकी रात्रभर जिवंत. तुमच्याकडे असा त्रास असेल तर कुणाला फोन करायच्या आधी हे करून बघा, पैसा लागत नाही.

ही माझी एकट्याची हौस नाही. नॅट करणाऱ्या (आतल्या अनेक कॉम्प्युटरना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणाऱ्या) यंत्रानं, म्हणजे अशा राऊटरनं, चालू टीसीपी जोडणी (एसएसएच याच प्रकारच्या जोडणीवर चालतं) निदान २ तास ४ मिनिटं धरून ठेवावी असं २००८ च्या आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या कागदात लिहिलेलं आहे. दोन तासांची चाचपणी पोचेपर्यंत नोंद टिकावी, एवढाच त्यामागचा हिशोब. सर्व्हरवर वापरतात त्या लिनक्समध्ये अशी नोंद धरून ठेवायचं मूळ सेटिंग तर ५ दिवसांचं असतं. आणि इथं पाच मिनिटं!

कंपनीकडून काही होईना, म्हणून दोन्ही टोकांना बंदोबस्त केला. पुटीत ‘कनेक्शन’ या पानावर कीपअलाइव्हचे (जोडणी जागी ठेवायला अधूनमधून जाणाऱ्या छोट्या संदेशाचे) सेकंद ० असतात, तिथं ६० घातले. सेव्ह केलेलं प्रत्येक सेशन आधी लोड करून, आकडा बदलून, पुन्हा सेव्ह करावं लागतं, नाहीतर जुना शून्यच चालू राहतो. सर्व्हरच्या एसएसएचडी (सर्व्हरकडचा एसएसएच प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६० आणि क्लायंटअलाइव्हकाऊंटमॅक्स ३ केलं, म्हणजे दर ६० सेकंदांनी विचारायचं आणि तीनदा उत्तर नाही आलं की सोडायचं. आता मेलेलं सेशन तीनेक मिनिटांत निघतं आणि पावती मोकळी होते. फाईल बदलल्यावर ‘एसएसएचडी -टी’नं तपासून मगच रिलोड करा आणि तोवर एक खिडकी उघडी राहू द्या. तिथं चूक राहिली तर सर्व्हर गाठायला लातूरला जावं लागतं.

इथपर्यंतच लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते. पण मधे रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली आणि राऊटरनं काही सेकंदांत डोंगलवर काम नेलं. केंद्र बंद पडलं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली, भुशाच्या धुळीत, व्होल्टेज वरखाली होत असतानाही हा एकदाही अडकला नाही. हे मनापासून आवडलं.

मात्र लाईन बदलली की बाहेरचा आयपी बदलतो आणि चालू एसएसएच तुटतोच. त्यात राऊटरचा दोष नाही, कुठलाही राऊटर ते वाचवू शकणार नाही. त्यासाठी सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू ठेवणारा प्रोग्राम) टाकलं आणि लॉगिन झालं की ते आपोआप उघडेल असं करून दिलं. आता लाईन गेली तरी मुनीमजी पुन्हा लॉगिन करतात आणि अर्धी भरलेली पावती जिथं सोडली तिथंच समोर येते. त्यांचा पहिला प्रश्न होता, “हे आधीच का नव्हतं?”

साडेतीन स्टार. मधे एक फर्मवेअर अपडेट आलं, त्यातही टाईमआऊटचा रकाना नाही. औशाला दुसरं केंद्र उघडायचं चाललं आहे. तिथला राऊटर घेताना मी दुकानातच लॅपटॉप लावून टीसीपी टाईमआऊटचं पान दाखवा म्हणणार आहे. ते पान नसेल तर हजार रुपये स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.