चार महिने, चौदा सेशन आणि न पाठवलेली बिलं

आधीच सांगते, कोचिंग या शब्दाला मी नाक मुरडायचे. हात उंचावून 'तुम्ही करू शकता!' म्हणणारी माणसं डोळ्यांपुढे यायची. तरी एडीएचडीसाठी (मेंदूची अशी ठेवण, की लक्ष टिकत नाही आणि ठरवलेलं काम हातून होत नाही) कोच घेतला, कारण बिलं.

मी घरून चित्रं काढून देते, पुस्तकांची, मासिकांची. काम वेळेवर (म्हणजे शेवटच्या रात्री जागून) होतं, लोकांना आवडतं. पण झालेल्या कामाचं बिल काही माझ्याच्यानं पाठवलं जात नाही. कोचकडे गेले तेव्हा नऊ बिलं बाकी होती, सर्वांत जुनं सात महिन्यांपूर्वीचं. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागायचा कंटाळा करते, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हिला पैशांची गरज नसेल. गरज होती. उधारी चालू होती.

निदान झालं वयाच्या ४१व्या वर्षी. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. ती शोधायला मला तीन आठवडे लागले, यातच अर्धं निदान झालं असं मला वाटतं. शेरा एकच, साल वेगळं: 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' मग गोळी सुरू झाली. गोळीचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. डोक्यातला बाजार शांत झाला. पण पहिल्याच आठवड्यात मी त्या शांततेत तीन तास मन लावून काय केलं, तर कॉम्प्युटरवरचे फॉन्ट नीट लावले. बिलं जिथल्या तिथे.

कोच पहिल्या फटक्यात चांगला मिळाला नाही. पहिल्या गृहस्थांनी पहाटे पाचला उठायला सांगितलं, रंगीत खुणांचा प्लॅनर दिला, आणि तिसऱ्या सेशनला म्हणाले, 'शिस्त लागली की गोळ्याही सुटतील.' मी तिथूनच परत फिरले. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टर ठरवतात. कोचचा तो विषयच नाही. मुळात बहुतेक ठिकाणी कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र असतं, त्याच्या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. पण ते कोचिंगचं प्रमाणपत्र झालं, एडीएचडीचं नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी प्रश्न विचारले: एडीएचडीबद्दल कुठे शिकलात, मोठ्या माणसांबरोबर किती काम केलंय, आणि मी सेशनच विसरले तर काय कराल? शेवटच्या प्रश्नावर बाई हसल्या. म्हणाल्या, 'विसरणारच. दहा मिनिटं आधी फोन करीन.' तिथेच ठरवलं.

आठवड्यातून एकदा पाऊण तास व्हिडिओवर, आणि मधे दोनदा छोटा मेसेज. चार महिन्यांत चौदा सेशन झाली, दोन मी बुडवली (फोन येऊनसुद्धा).

दुसऱ्या सेशनला बिलांचा विषय निघाला. मला वाटलं, आता पुन्हा शिस्तीवर येणार गाडी. बाईंनी विचारलं, 'बिल करायला बसलात की हात पहिल्यांदा कुठे जातो?' मी म्हटलं, जुनं बिल उघडते. 'मग?' मग तारीख बदलते. 'मग?' मग बिल नंबर. आणि मी गप्पच झाले. शेवटचा नंबर काय होता ते आठवत नाही, तो शोधायला मेल उघडायची, मेलमध्ये शंभर न वाचलेल्या गोष्टी, त्यातली एक वाचायची, आणि संपलं. सात महिन्यांचं घोडं एका नंबरापाशी अडलेलं! आळस, बेफिकिरी, पैशांची लाज, सगळे आरोप मी स्वतःवर करून झाले होते. नंबराकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा.

उपाय एका ओळीचा निघाला: पुढचा नंबर चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवायची, बिल गेलं की नंबर खोडून पुढचा लिहायचा. आणि पहिली नऊ बिलं एकटीनं करायची नाहीत. मंगळवारी अकराला त्या व्हिडिओवर आल्या, माइक बंद, त्या त्यांचं काम करत होत्या, मी माझं. याला बॉडी डबलिंग म्हणतात. नुसतं कुणीतरी समोर असतं, बाकी काही नाही. चाळीस मिनिटांत चार बिलं गेली. पाचव्याला रडू आलं, का ते विचारू नका.

कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो ना, ते मी लहानपणापासून ऐकत आले, शिवी म्हणूनच. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली जवळजवळ हेच म्हणतात, फक्त शिवी म्हणून नाही: अडचण माहितीची नसते, माहीत असलेलं ऐन वेळी हातून होण्याची असते. आणि मदतही तिथेच हवी, जिथे काम अडतं. चिठ्ठी वहीत असती तर उपयोग नव्हता. ती झाकणावरच हवी.

दुसरी फायद्याची गोष्ट म्हणजे दोन रकान्यांची वही. डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष. अंघोळ: १० मिनिटं, २६ मिनिटं. 'हे बघ निघालेच': ५ मिनिटं, १९ मिनिटं. एका चित्राचं कच्चं रेखाटन: एक तास, साडेतीन तास. दोन आठवड्यांनी ती वही बघून मला पहिल्यांदा कळलं की मी लोकांना खोटं सांगत नव्हते. मला खरंच पाचच मिनिटं वाटत होती. आता अंदाजाला तीनानं गुणते. उशीर अजूनही होतो, पण कमी लोक चिडतात.

आता तक्रारी. आठव्या आठवड्यात सगळं कोसळलं. चिठ्ठी दिसेनाशी झाली, म्हणजे होती तिथेच, पण डोळ्यांना तिची सवय झाली. बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: नवलाई संपली की युक्ती संपते, मग युक्ती बदलायची. चिठ्ठी पिवळ्याची गुलाबी झाली आणि जागा बदलली. खरं आहे, पण दर दोन महिन्यांनी घरातल्या चिठ्ठ्या हलवत बसायचं, हा जन्मभराचा उद्योग आहे. शिवाय मधले मेसेज मला नकोसे व्हायचे, परीक्षेच्या निकालासारखे. ते सांगितल्यावर त्यांनी 'झालं का?' विचारणं सोडून 'कुठे अडलं?' विचारायला सुरुवात केली. फरक पडला.

आणि कोचिंग म्हणजे उपचार नाही. सहाव्या सेशनला मी बिलांपेक्षा झोप न लागण्यावर आणि सगळं व्यर्थ वाटण्यावर जास्त बोलले, तेव्हा त्यांनी तिथेच थांबवून मला थेरपिस्टकडे पाठवलं. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीवर (थेरपिस्टशी बोलून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या, ती) जेवढं पक्कं संशोधन आहे, तेवढं कोचिंगवर नाही. एकच काही परवडत असेल तर आधी डॉक्टर आणि थेरपी, कोच त्यानंतर. निदान झालंय, औषधपाणी चालू आहे, काय करायचं ते पाठ आहे आणि तरी होत नाही, अशांना मात्र मी घ्या म्हणेन. पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण कोच शोधताना तो पहिला माणूस कुणालाही भेटू शकतो.

नऊही बिलं गेली. सातांचे पैसे आले, दोघांशी भांडण चालू आहे.

हे लिहून देते असं बाईंना कबूल करून सात आठवडे झाले. आज मैत्रीण व्हिडिओवर समोर बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालतेय, माइक बंद. तिचे मोजे उरलेत फक्त, म्हणून आटपते.