ओपनएचटीएफ : 'पास'च्या शिक्क्यामागचा आकडा जपणारी पायथन लायब्ररी

इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासला आणि 'पास' झाला, एवढेच लिहून ठेवले असेल, तर दीड वर्षांनी तो ग्राहकाकडून परत आल्यावर त्या नोंदीतून काहीही हाती लागत नाही. तो जेमतेम पास झाला होता की निवांत, त्या वेळी मर्यादा काय होती, कोणत्या जिगवर (तपासणीसाठी बोर्ड धरून ठेवणाऱ्या साच्यावर) तो लावला होता, आधी एकदा नापास होऊन पुन्हा तपासला होता का, यांपैकी एकाही प्रश्नाला तो शिक्का उत्तर देत नाही. भोसरीतल्या ज्या छोट्या कारखान्यात मी टेस्ट इंजिनिअर म्हणून काम करतो, तिथे पंपांच्या कंट्रोलर बोर्डांची तपासणी अनेक वर्षे अशीच चालत असे. मल्टिमीटरवर आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची आणि शिफ्ट सुटताना सुपरवायझरने एकूण संख्या एक्सेलमध्ये चढवायची, असा तो क्रम होता. गेली दोन वर्षे हे काम आम्ही ओपनएचटीएफ या, हार्डवेअर तपासणीसाठीच्या पायथन लायब्ररीवर (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडच्या संचावर) करत आहोत आणि तिच्याबद्दल जबाबदारीने काही लिहावे इतका अनुभव आता गाठीशी आहे.

ही लायब्ररी गूगलमधल्या अभियंत्यांनी लिहून मुक्त केली आहे. तिचा परवाना अपाचे २.० आहे, म्हणजे व्यावसायिक वापरासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र हे गूगलचे अधिकृत उत्पादन नाही असे तिच्या माहितीपत्रातच स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे अडचण आली तर फोन करून विचारायला कोणी नसते, हे मनाशी धरूनच ती वापरायला घ्यावी. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरच्या एका आज्ञेत ती बसते आणि पायथन जेमतेम येणाऱ्यालाही पहिली चाचणी एका दुपारी उभी करता येते.

तिचा गाभा म्हणजे 'मेझरमेंट' ही कल्पना. सॉफ्टवेअर तपासणारी मंडळी पायटेस्ट ही पायथनचीच लायब्ररी वापरतात. त्यात अट खरी ठरली की चाचणी पुढे जाते आणि खोटी ठरली की तिथेच थांबते, परंतु अट खरी ठरली तेव्हा आकडा नेमका किती होता हे आपण मुद्दाम लिहून ठेवल्याशिवाय कुठे राहत नाही. ओपनएचटीएफमध्ये तपासणीचा प्रत्येक टप्पा, ज्याला 'फेज' म्हणतात, लिहिण्याआधी त्यात काय मोजले जाणार आहे ते जाहीर करावे लागते. आमच्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आम्ही मोजमापाचे नाव, ३.२० ते ३.४० ही मर्यादा आणि व्होल्ट हे एकक त्या फेजच्या फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर लिहितो. फंक्शनचे काम फक्त मीटरवरून आकडा आणून त्या नावात ठेवणे एवढेच उरते. पास की नापास हा निकाल लायब्ररी लावते, आणि नोंदीत आकडा, मर्यादा, एकक व निकाल हे चारही एकत्र जातात. एककांची यादीही कोणाच्या लहरीवर सोडलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने ठरवलेले संकेत त्यात वापरले आहेत, त्यामुळे एकाने मिलिव्होल्ट आणि दुसऱ्याने व्होल्ट धरून गोंधळ घालायला फारसा वाव राहत नाही.

जाहीर न केलेल्या नावात आकडा ठेवू गेल्यास लायब्ररी चूक दाखवून थांबते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जाहीर केलेले मोजमाप घ्यायचे राहून गेले, तर बोर्ड नापास ठरतो. आमच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये एक अट चुकीच्या जागी पडल्यामुळे रिलेची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचची) तपासणी वगळली जात होती आणि तरीही शेवटी हिरवा दिवा लागत होता. ती चूक माझीच होती आणि ती लक्षात यायला तीन आठवडे गेले. न मोजलेल्या गोष्टीला पास न मानण्याची ही सक्ती सेटिंगमधून सैल करता येते, पण उत्पादनाच्या लाइनवर ती कोणी कधीही सैल करू नये असे माझे ठाम मत आहे.

आकडे जपण्याचे मोल आम्हाला गेल्या पावसाळ्यात खऱ्या अर्थाने कळले. आमच्याकडे एकसारखे दोन जिग आहेत. एका संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी पांडाज या आकडेवारी हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीत घेऊन जिगनुसार आलेख काढला, तेव्हा पहिल्या जिगवरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ३.३१ च्या आसपास सरळ रेषेत दिसला, तर दुसऱ्या जिगवर तोच आकडा सकाळी ३.३१ वरून सुरू होऊन संध्याकाळी ३.२४ पर्यंत उतरलेला होता. त्या दिवशी एकही बोर्ड नापास झाला नव्हता; जुन्या रजिस्टरमध्ये त्या पानावर नुसत्या बरोबरच्या खुणा दिसल्या असत्या. जिग उघडून भिंगाखाली पाहिले तेव्हा पोगो पिनांच्या (बोर्डाला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांच्या) टोकांवर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगच्या रसायनाचा, पिवळसर थर चढलेला आढळला. लोडचा २०० मिलिअँपिअरचा प्रवाह ज्या पिनमधून जात होता त्याच पिनवर आम्ही व्होल्टेजही मोजत होतो, त्यामुळे ०.३५ ओहमचा वाढलेला स्पर्शरोध आकड्यातून ७० मिलिव्होल्ट खाऊन टाकत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने टोके साफ केल्यावर आकडा पुन्हा ३.३१ वर आला. पुढे आम्ही मोजणीची पिन वेगळी केली, जी खरे तर पहिल्या दिवसापासूनच वेगळी असायला हवी होती. चार दिवस हे तसेच चालले असते, तर चांगले बोर्ड नापास होऊन रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) टेबलावर गेले असते आणि कोणीतरी निष्कारण रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बदलत बसले असते.

मर्यादेच्या आत, पण काठाजवळ आलेला आकडा वेगळा ओळखण्याची सोयही मोजमापात आहे. मुख्य मर्यादेच्या आत आणखी एक अरुंद मर्यादा देता येते. तिच्या बाहेर गेलेला बोर्ड पास होतो, परंतु त्याच्या नोंदीवर 'मार्जिनल' अशी खूण राहते. वरच्या प्रसंगानंतर आम्ही ही सोय प्रत्येक ॲनालॉग मोजमापाला लावली आहे.

उपकरणे जोडण्यासाठी 'प्लग' नावाची रचना आहे. पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, रिले कार्ड अशा प्रत्येक उपकरणासाठी एक क्लास लिहायचा आणि ज्या फेजला तो हवा त्या फेजने तो मागायचा. चाचणी संपताना, मग ती पास होऊन संपो, नापास होऊन संपो किंवा मध्येच चूक होऊन संपो, प्लगचे आवराआवरीचे फंक्शन लायब्ररी स्वतः बोलावते. पुरवठा बंद करण्याची आज्ञा त्यात ठेवली की ऑपरेटरने झाकण उघडले तेव्हा जिगवर वीज शिल्लक आहे अशी वेळ सहसा येत नाही, मात्र झाकणाला लावलेल्या, ते उघडताच वीज तोडणाऱ्या इंटरलॉक स्विचची जागा कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. तयार प्लग थोडेच मिळतात आणि त्यांचा भर अँड्रॉइड उपकरणांशी बोलणाऱ्या एडीबी व फास्टबूट या साधनांवर आहे. प्रयोगशाळेतल्या मीटरसाठी पायव्हिसा ही मोजमापाच्या उपकरणांशी बोलणारी लायब्ररी घेऊन आपला प्लग आपणच लिहावा लागतो. इथे एक खबरदारी सांगतो. फेजला वेळेची मर्यादा देता येते, परंतु फेज ज्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या स्वतंत्र धाग्यात) चालते तो थ्रेड एखाद्या ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आत उत्तराची वाट पाहत अडकला असेल, तर पायथनला तो तिथून बाहेर ओढता येत नाही. म्हणून मीटरच्या प्रत्येक वाचनाला त्याची स्वतःची, कमी मुदतीची टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) द्यावी आणि फेजची मर्यादा ही दुसरी फळी समजावी.

ऑपरेटरसाठी ब्राउझरमध्ये दिसणारा पडदा सोबतच मिळतो. सिरियल नंबर विचारणे, फेज एकामागून एक पूर्ण होताना दाखवणे आणि सूचना देणे एवढे तो करतो आणि तेवढे पुरते. आमच्या लाइनवर काम करणाऱ्या ताईंसाठी सर्व सूचना आम्ही मराठीत लिहिल्या आहेत. 'बोर्ड जिगमध्ये बसवा, कनेक्टर डावीकडे ठेवा आणि झाकण क्लिक होईपर्यंत दाबा' ही सूचना पूर्वी इंग्रजीत भिंतीवर चिकटवलेली होती आणि ती कोणी वाचत नसे. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखाच टाइप करत असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही.

प्रत्येक चाचणीची नोंद जेसन या मजकुरी साच्यातली फाइल म्हणून बाहेर पडते. सिरियल नंबर, स्टेशनचे नाव, सुरुवातीची व शेवटची वेळ, प्रत्येक फेजची मोजमापे, लॉगच्या ओळी आणि जोडलेल्या फाइली असे सगळे तिच्यात असते. फाइलचे नाव कोणत्या साच्यात ठेवायचे ते आपण ठरवतो, आणि सुरुवातीला आम्ही साच्यात फक्त सिरियल नंबर ठेवला. परिणामी नापास झालेला बोर्ड दुरुस्त होऊन पुन्हा तपासला की पहिली नोंद पुसली जात असे आणि कागदावर आमचा पहिल्याच फेरीत पास होण्याचा दर फार सुंदर दिसत असे. लायब्ररीच्या उदाहरणांत सिरियल नंबरासोबत सुरुवातीची वेळही दिलेली असते. ती काढून टाकण्याचा मोह कोणी करू नये. आता दर मोजताना आम्ही प्रत्येक सिरियल नंबरची वेळेनुसार सर्वांत जुनी नोंद घेतो, आणि अंतिम दरासाठी सर्वांत नवी. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे रीवर्कच्या टेबलावर खर्च झालेले श्रम असतात.

वेळ मिलिसेकंदांत, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली असते. ती पांडाजमध्ये सरळ तारखेत बदलली तर उत्तर ग्रिनिचच्या वेळेत मिळते. रात्रपाळीत १ वाजता तपासलेला बोर्ड त्यामुळे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ७:३० ला तपासल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या पाळीच्या खात्यात जमा होतो. साडेपाच तासांचा हा फरक पहिल्याच पायरीवर दुरुस्त करून घ्यावा.

लायब्ररीची हद्द इथे संपते. ती एका बोर्डाच्या एका तपासणीची उत्तम नोंद करते. हजारो बोर्डांच्या नोंदी साठवणे, शोधणे आणि त्यांचे आलेख काढणे हे काम तिचे नाही. डेटाबेस तिच्यात नाही. कोणत्या ऑपरेटरला काय करण्याची परवानगी आहे, कोणती मर्यादा कोणी बदलली याची मंजुरी कशी घ्यायची, याचीही व्यवस्था नाही. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या टेस्टस्टँडसारखी चाचण्या चालवणारी सशुल्क प्रणाली घेणाऱ्याला यातले बरेच काही तयार मिळते. आम्ही जेसन फाइली दर तासाला वाचून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन तक्त्यांत भरतो. एका तक्त्यात चाचण्या आणि दुसऱ्यात मोजमापे, प्रत्येक मोजमापाची स्वतंत्र ओळ. हे लिहायला मला आठवडा लागला आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कायमची आमच्यावर आली. ज्या कारखान्यात पायथन लिहिणारा एकच माणूस आहे आणि तो उद्या सोडून गेला तर दुसरा कोणी नाही, त्याने ही बाब गांभीर्याने विचारात घ्यावी. दस्तऐवजही तोकडे आहेत; नेमके काय होते हे कळण्यासाठी मला अनेकदा मूळ कोड आणि सोबतच्या उदाहरणांच्या फाइलीच वाचाव्या लागल्या, आणि ती उदाहरणे खरोखर चांगली आहेत. चिप तपासणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे टेराडाइन या चाचणीयंत्रांच्या कंपनीपासून सुरू झालेला एसटीडीएफ हा नोंदींचा साचा रुळलेला आहे आणि तो वाचणाऱ्या वेगळ्या पायथन लायब्ररी आहेत.

एक सोय मात्र मुद्दाम चालू करावी लागते आणि ती पहिल्या दिवसापासून चालू करावी. फेजचा मूळ कोडच नोंदीत साठवण्याची ही सेटिंग फाइल मोठी होते म्हणून मुळात बंद असते. या मार्च महिन्यात एका ग्राहकाने दीड वर्षापूर्वीच्या एका बोर्डाचा सिरियल नंबर पाठवून विचारले की त्याच्या रिलेची तपासणी किती वेळा चालू-बंद करून केली होती. ती संख्या आम्ही मधल्या काळात १० वरून ५० केली होती आणि कोणत्या तारखेला केली हे कोणालाच आठवत नव्हते. फाइल उघडली, फेजचा त्या दिवशीचा कोड वाचला, त्यात १० लिहिलेले होते. आम्ही ग्राहकाला तसेच कळवले, सोबत त्या बोर्डाचे सर्व आकडे पाठवले आणि त्या सुधारणेच्या आधी गेलेल्या बोर्डांची यादी त्याच संध्याकाळी काढून दिली.